पिताजींना पास करण्याची मोहीम

५ मे, रविवार

रोशनीचा ब्रिस्बेनहून फोन. पाऊण तास. त्यातला बराच वेळ रडणं. तिच्या ओळखीच्या कुणा बाईचे वडील आमच्या बेटाच्या राजधानीत, सुव्याला वारले. शुगर होती, मग किडन्या गेल्या, आणि विमा काढायचा राहूनच गेला होता. म्हणून आता पिताजींचा आणि माईचा हेल्थ इन्शुरन्स ताबडतोब काढायचा. म्हणाली, मी इथून ऑनलाइन बघते. मी म्हटलं, तू ब्रिस्बेन बघ, इथलं लौटोका मी बघतो.

बहिणीचा स्वभाव पहिल्यापासून घायकुतीचा. पॉलिसी म्हणजे काय भाजी आहे, दिसली की पिशवीत टाकली? हार्डवेअरच्या दुकानात खरेदी माझ्याकडे असते. साधा खिळासुद्धा मी चार ठिकाणी विचारल्याशिवाय घेत नाही.

रोशनी लग्न करून गेली, मी आईवडिलांजवळ राहिलो. तेव्हा हे काम माझंच.

पिताजींना सांगितलं. ते म्हणाले, तू बघतोयस ना, मग झालं.

संकल्प: दोन आठवड्यांत विमा. विषय संपला.

९ मे, गुरुवार

चार कंपन्यांची माहितीपत्रकं जमवली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तक्ता सुरू केला. एका कंपनीत उपचार इथेच. दुसरी इंडियाला पाठवते. तिसरी न्यूझीलंडला. चौथी हेलिकॉप्टरसुद्धा देते, पण तिच्यात दात नाहीत. पिताजींच्या तोंडातही फारसे नाहीत, तरी तत्त्वाचा प्रश्न आहे.

गोडाऊनवाला सेमी मागून डोकावला. म्हणाला, बॉस, हा तक्ता पुरा होईपर्यंत कंपन्याच म्हाताऱ्या होतील. सेमीचा बाप ऐंशीचा आहे आणि अजून होडी घेऊन मासे धरायला जातो. त्याला विम्यातलं काय कळणार.

१९ मे, रविवार

दोन आठवडे झाले. विमा झाला नाही, पण अभ्यास झाला. ते जास्त महत्त्वाचं.

आज राजनील घरी आला. पहिल्या कंपनीचा एजंट. पोरगेलासा आहे, पण टाय घालतो. माईने त्याला रोटी आणि पत्र्याच्या डब्यातल्या माशाची भाजी वाढली. खाता खाता म्हणाला, जुना आजार असेल तो सरळ लिहायचा, लपवायचा नाही. कंपनी त्या आजारासाठी काही वर्षं थांबायला लावेल, किंवा तेवढा आजार वगळून बाकीचं देईल. आधी कंपनीचे डॉक्टर तपासतील. आणि सत्तरी पूर्ण झाली की नवीन माणूस घेतच नाहीत. पिताजींची सत्तरी सप्टेंबरात.

पिताजींनी विचारलं, म्हणजे माणूस आजारी नसला, म्हातारा नसला, तरच तुम्ही घेता? राजनील म्हणाला, आजा, थोडंफार तसंच. पिताजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग याला घेऊन जा की, हा ठणठणीत आहे, शिवाय दिवसभर डोकं खातो.

राजनील गेल्यावर माई म्हणाली, पोरगा खरं बोलतो, त्याचंच घेऊन टाक. निदान काहीतरी हातात राहील. मी म्हटलं, माई, पहिल्याच दुकानात कुणी घेतं का?

२६ मे, रविवार

उपाय सापडला! तोही अंघोळ करताना.

सगळे लोक चुकतात ते इथे. आजारी माणूस आहे तसा मेडिकलला नेतात. अरे, जुनी गाडी विकायची तरी आधी डेंटिंग-पेंटिंग करतो की नाही? आपण पिताजींना आधी दुरुस्त करायचं आणि मग तपासणीला न्यायचं. राजनील म्हणतो, खोटं लिहू नका. नाहीच लिहिणार. 'शुगर थोडी, पूर्ण आटोक्यात' एवढंच लिहिणार, आणि मधल्या दिवसांत पिताजींना त्याप्रमाणे खरं करणार.

सकाळ-संध्याकाळ चालणं. भात बंद, डालो, कसावा असले कंद बंद. चहा बिनसाखरेचा. संध्याकाळचा यांगोनाच्या मुळीच्या गुंगीच्या पेयाचा वाडगासुद्धा बंद. घरी मशीन आहेच, रोज बोट टोचून शुगर लिहून ठेवायची.

पिताजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, श्वास घेतला तर चालेल ना? मला हसू आलं. माईला आलं नाही. वीस वर्षांची शुगर तू दोन महिन्यांत घालवणार का, म्हणाली. मी तिला विश्वास कशाला म्हणतात ते समजावलं.

३ जून, सोमवार

मोहीम सुरू. शहरातून खास चालण्याचे बूट आणले. ऑस्ट्रेलियन. महाग वस्तूत आपण कुचराई करत नाही. पिताजींनी जन्मभर ड्युटीवर साखर कारखान्याचे जाड बूट घातले आणि घरी रबरी चपला. हे घातल्यावर पोरासारखे दिसायला लागले. घट्ट होतात का विचारलं. म्हणाले, काही कळत नाही रे. कळत नाही म्हणजे बरोबर बसलेत.

घरामागून उसाच्या गाडीचे रूळ जातात, त्याच्या कडेने चाललो. याच रुळांवर पिताजींनी उसाचं इंजिन चालवलं, पार रिटायर होईपर्यंत. कोणत्या वळणावर ब्रेक लावायचा, कोणत्या पुलावर एकदा गाय आडवी आली होती, सगळं सांगत होते. मी घड्याळ बघत होतो, कारण वेग महत्त्वाचा. त्यांना म्हटलं, बोललं की दम जातो, चाला. मग गप्प चालले.

१२ जून, बुधवार

शुगर उतरली! थोडी, पण उतरली. दुकानात सेमीला आकडा दाखवला. तो म्हणाला, छान, पण तुझा बाप वाळल्यासारखा दिसतो. वाळल्यासारखा नाही, फिट.

संध्याकाळी धक्का. पिताजींच्या शर्टाच्या खिशात तेलकट कागद, त्यात गुलगुले. अर्धा गुलगुला शिल्लक. विचारलं, तर म्हणाले, मंदिरात प्रसाद होता, देवाला नाही कसं म्हणायचं. तासभर बोललो. शिस्त, कुटुंब, सप्टेंबर. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, चुकलं, उद्या जास्त चालतो.

मनाला बरं वाटलं. माणूस समजावून सांगितलं की ऐकतो.

२३ जून, रविवार

गाळप जोरात सुरू झालंय. दोरीवरच्या कपड्यांवर काजळी, हवेत मळीचा वास.

महिन्याच्या शुगर क्लिनिकचा दिवस या आठवड्यात होता. माई पिशवी भरून तयारच होती. मी थांबवलं. तिथल्या नर्स प्रत्येक गोष्ट लिहून ठेवतात. डोळे बघणार, लघवी बघणार, पाय बघणार आणि काहीतरी शोधून काढणारच, त्यांचं कामच ते. उद्या कंपनीने कागद मागवले तर? एवढी मेहनत पाण्यात. गोळ्या घरात आहेत. एक महिना नाही गेलं तर काय बिघडतंय.

माई म्हणाली, तिथे गेलं की कुणीतरी बघतं एवढंच. पिताजी तिला म्हणाले, जाऊ दे सुखराजी, पोरगा आपल्यासाठीच करतोय.

रोशनीला मेसेज: काम अंतिम टप्प्यात.

२ जुलै, मंगळवार

माईने आतल्या खोलीत बोलावलं. पिताजींच्या डाव्या तळव्याला करंगळीखाली फोड, फुटलेला. मोज्याला डाग पडला होता, तो धुताना माईला दिसला. पिताजींना स्वतःला पत्ताच नव्हता. मी दाबून बघितलं. दुखतं? नाही म्हणाले. जरासुद्धा नाही? नाही.

दुखत नाही म्हणजे गंभीर नाही. चालणाऱ्या माणसाला फोड येतातच, खेळाडूंना येतात. औषध लावलं, पट्टी बांधली. दोन दिवस सुट्टी दिली.

माईचा चेहरा असा, जणू कुणी गेलंय.

६ जुलै, शनिवार

माई सकाळपासून मागे लागली आहे, क्लिनिकला नेऊ. तिला शांतपणे समजावलं. आत्ता नेलं तर 'पायाला जखम' अशी नोंद होणार. शुगरवाल्या माणसाच्या पायाची जखम म्हटल्यावर कोणती कंपनी दारात उभी करेल? दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. पॉलिसी एकदा हातात आली की पाय काय, डोक्यापासून सगळं दाखवू. न्यूझीलंडला नेऊन दाखवू.

ती म्हणाली, पाय तोपर्यंत थांबणार आहे का, विचारलंस त्याला?

माई कधीकधी फार लागट बोलते. मी मनावर घेत नाही.

११ जुलै, गुरुवार

अर्ज भरून दिला. शेवटी राजनीलचीच कंपनी घेतली. चारही पडताळून घेतली, त्यामुळे मनात किंतू नाही. मेडिकलची तारीख मिळाली, चोवीस जुलै. आधी पिताजी, ते पास झाले की माईचा नंबर.

राजनीलने फोनवर विचारलं, अंकल, आजांना सध्या दुसरा काही त्रास? नाही म्हटलं. फोड हा त्रास नव्हे.

पिताजींना पुन्हा चालायला लावायचं नव्हतं, पण आज दुकानातून आलो तर तेच बूट घालून दारात तयार. म्हणाले, तारीख जवळ आली, आता कशाला सोडायचं. मला भरून आलं. या वयात ही जिद्द. थोडंच चालवलं.

१६ जुलै, मंगळवार

शुगर वर जातेय. काही समजत नाही. खाणं तर चिमणीएवढं झालंय. पिताजींचे सगळे खिसे तपासले, उशीखाली बघितलं, काही नाही. मशीनच बिघडलं असणार. नवीन सेल घातले, तरी तेच.

त्यांच्या खोलीत वास येतो. कारखान्याच्या मळीचा असणार, वारा तिकडून आहे. माई म्हणाली, मळीचा वास मला माहीत आहे, ड्रायव्हरच्या घरात जन्म गेला माझा. जखम पुसताना तिने मला बोलावलं होतं. मी म्हटलं, तुझा हात हलका आहे, तूच कर. मला ऑर्डरींचे फोन करायचे होते.

२० जुलै, शनिवार

पिताजींना ताप. गावभर फ्लू आहे. सेमीच्या घरीही सगळे आडवे.

रोशनीचा फोन. पिताजींना दे म्हणाली. झोपलेत म्हटलं. झोपलेच होते, दुपारपासून. कसे आहेत? मी सांगितलं, वजन उतरलंय, नियमित चालतात, बुधवारी मेडिकल. ती म्हणाली, विजेन, तू आहेस म्हणून मला इथे झोप लागते.

फोन ठेवल्यावर माई दारात उभी होती.  

चार दिवस. फक्त चार दिवस काढायचे आहेत.

२४ जुलै, बुधवार

कंपनीच्या डॉक्टर तुकाना. मोठ्या बांध्याच्या, हसऱ्या बाई. पिताजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शुगर कमी दिसावी म्हणून कालपासून काही खाल्लं नव्हतं. मी सांगितलेलं नव्हतं एवढं. गाडीतून उतरताना तोल गेला, मी धरलं. हात तव्यासारखा तापलेला.

डॉक्टर म्हणाल्या, या, ड्रायव्हरसाहेब, तुमच्या गाडीमागे लहानपणी आम्ही ऊस ओढायला धावायचो. पिताजी म्हणाले, म्हणजे माझा ऊस चोरणारी ती तूच. दोघं हसले. मला वाटलं, जमलं.

बोट टोचलं. आकडा बघून त्यांनी पुन्हा टोचलं. मी म्हटलं, हल्ली मशीनं खात्रीची नसतात. त्या पिताजींना म्हणाल्या, आजा, जरा बूट-मोजे काढूया. पिताजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अर्जात पायांचं काही नाहीये.

त्यांनी खाली बसून स्वतःच मोजा काढला. थोडा चिकटला होता.

त्यांनी तळवा उजेडाकडे वळवून बघितला. मग उठल्या, कंपनीचे कागद गोळा करून टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवले आणि हॉस्पिटलला फोन लावला. मी विचारलं, मग मेडिकलचं काय? पुढची तारीख मिळेल का?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर उत्तर देता आलं असतं.

२५ जुलै, गुरुवार

वॉर्ड. सलाईन. सर्जनने विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, अलीकडचंच आहे. माई भिंतीकडे बघत होती.

हाडापर्यंत गेलंय म्हणतात. विष वर चढतंय. उद्या ठरवतील.

दमट हवा. या बेटावर कुठलीच जखम लवकर सुकत नाही.

२७ जुलै, शनिवार

काल ऑपरेशन झालं. डावा पाय. गुडघ्याखाली.

सही मी केली. पिताजींनी आत जाताना विचारलं, विम्यात आता घेणार नाहीत का रे? मी म्हटलं, ते बघू नंतर. ते म्हणाले, तुझी मेहनत वाया गेली.

आज दुपारी शुद्धीवर आले. चादरीकडे बघितलं. चादर एका बाजूला सपाट.  पाणी मागितलं. मी चमच्याने पाजलं. थोडं हनुवटीवरून सांडलं ते पुसायला माझ्याकडे रुमाल नव्हता. हाताने पुसलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

रोशनी आली. नांदीच्या विमानतळावरून सरळ हॉस्पिटलला. पिताजींच्या पायथ्याशी उभी राहिली आणि पायावर हात ठेवायला गेली, तर हात गादीवर पडला.

नंतर मला कॉरिडॉरमध्ये घेऊन विचारलं, विजेन, तुला कधी कळलं? मी म्हटलं, तसं नेमकं सांगता येणार नाही. ती म्हणाली, मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं का? एवढं सांग.

दार उघडं होतं. आतून पिताजींनी हाक मारली. दोघांना जवळ बसवलं आणि रोशनीला म्हणाले, याला कशाला विचारतेस. मी कुणाला दाखवलंच नाही. मोजा काढायचोच नाही मी. याला कळलं त्याच दिवशी याने डॉक्टरकडे नेलं.

रोशनी माझ्या गळ्यात पडली. सॉरी म्हणाली. माई खिडकीजवळ डबा भरत होती. डब्याचं झाकण बराच वेळ लागत नव्हतं तिला.

तसं बघितलं तर पिताजींचं खरंच आहे. ते वेळेवर बोलले असते, दुखतं म्हणाले असते, तर मीच नेलं असतं.



१४ ऑगस्ट, बुधवार

पिताजी घरी. रोशनी परत गेली. जाताना म्हणाली, तुझ्यावर भार टाकून जातेय.

खाट मागच्या व्हरांड्यात ठेवली, तिथे वारा लागतो. दुपारी उसाची गाडी आली. नवा ड्रायव्हर पिताजींच्या हाताखाली तयार झालेला. त्याने घरामागे वेग कमी केला आणि हॉर्न दिला, लांब. पिताजींचा चेहरा उजळला. हात करायला म्हणून ते उठायला गेले. उठलेच. पाय नाही हे विसरून.

मी स्वयंपाकघरात होतो. आवाज ऐकून धावलो. फरशीवर पडलेले, कपाळाला खोक. पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते विचारत होते, गाडी गेली का? त्याने बघितलं का मला पडलेला?

नाही म्हटलं. बघितलं होतं. ड्रायव्हर अर्ध्या दारातून वाकून मागेच बघत होता.

२० ऑगस्ट, मंगळवार

दुकानात गेलो. सेमीने माझ्या टेबलावर केळीच्या पानात भाजलेला मासा ठेवला होता, त्याच्या बापाने धरलेला. हे म्हाताऱ्याला दे, एवढंच म्हणाला.

कॉम्प्युटरवर तक्ता उघडाच होता. चारही कंपन्या. काम चांगलं झालं होतं, यात शंका नाही. बंद केला.

बुटांच्या दुकानदाराला फोन करून चांगलं सुनावणार होतो. माप नीट दाखवायला नको? नंबर लावला. तो हॅलो हॅलो करत राहिला. ठेवून दिला.

५ सप्टेंबर, गुरुवार

राजनील स्वतः आला. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. पिताजींचा अर्ज नामंजूर. तो टाय काढून पिताजींच्या खाटेवर बसला होता. म्हणाला, आजा, मे महिन्यातच केलं असतं तर निदान शुगर वगळून बाकीचं तरी मिळालं असतं. पिताजी म्हणाले, बाकीचं असं राहिलंय काय माझ्यात? पोराला रडू आलं. त्यांनीच त्याच्या पाठीवर थोपटलं.

जाता जाता म्हणाला, अंकल, आजीचा अर्ज अजून उघडा आहे, तपासणीची तारीख देऊ का? मला एकदम हुरूप आला. आहे, अजून वेळ आहे. या वेळी काही चुकवायचं नाही. मी आत जाऊन माईला म्हटलं, पुढच्या आठवड्यात तुझं मेडिकल, आणि तुझं तर सोपं आहे.

माई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, माझं सोपं नाही. मलाही शुगर आहे. पिताजींना क्लिनिकला घेऊन जायची तेव्हा तिने स्वतःचीही तपासणी करून घेतली होती. नर्सने गोळ्या दिल्या. त्या ती पिताजींच्याच डब्यात ठेवते.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

म्हणाली, सांगितलं असतं तर तू मलाही चालवलं असतंस.

बाहेर राजनील वाट बघत होता. त्याला तारीख नको म्हणून सांगितलं. 

८ सप्टेंबर, रविवार

हॉस्पिटलमधून सांगितलंय, राहिलेला पाय रोज बघायचा. तळवा, टाचा, बोटांच्या मधल्या फटी. पिताजींना वाकून बघता येत नाही. माईची नजर आता बारीक काही धरत नाही. मी बघायचा.

आज मोरीतून कोमट पाणी आणलं. कोपराने तपासलं, फार गरम नाही ना. पिताजी खाटेवर, मी खाली पाटावर. पाय मांडीवर घेतला. इतका हलका असेल असं वाटलं नव्हतं. साबण लावला, पुसला, एकेक बोट वेगळं करून बघितलं. टाचेला बारीकशी भेग आहे. तिथे दाबून विचारलं, दुखतं? ते म्हणाले, कळत नाही रे.

 मलम लावलं. उद्या सकाळी क्लिनिक उघडताच नेऊन दाखवतो.

पाणी ओतायला उठणार, तेवढ्यात माई शेजारी येऊन बसली.  चपला काढल्या, लुगड्याचा काठ थोडा वर घेतला आणि आपले दोन्ही पाय माझ्यासमोर ठेवले.

पाणी बदललं.

तीन पाय बघितले. घरातले माझे सोडून तेवढेच आहेत.